कॉलर लावलेल्या प्राण्यांसाठी लोकेशन-अलर्ट : यंत्रणा पहिल्यांदाच उभी करणाऱ्यांसाठी

गळ्यात जागा कळवणारा पट्टा, म्हणजे कॉलर, लावलेला प्राणी ठरलेल्या हद्दीजवळ आला की कुणाच्या तरी फोनवर आपोआप मेसेज यावा, एवढंच हे काम. संगणकाच्या बाजूने पाहिलं तर ते सोपंही आहे, कारण प्राण्याच्या जागेचा नकाशावरचा बिंदू आखलेल्या क्षेत्राच्या आत आहे की बाहेर हे त्याला क्षणात कळतं. अवघड भाग त्याच्या आधी आणि नंतर येतो.

आमच्या पहिल्या हंगामात एका हत्तिणीने मला हे दाखवून दिलं. हद्दीला लागून एक ओढा होता आणि आम्ही नकाशावर रेषा नेमकी ओढ्यावरच आखली होती. त्या रात्री साडेनऊपासून एक वाजेपर्यंत ती ओढ्यातच चरत होती. जीपीएसचा बिंदू मात्र कधी या काठावर पडायचा, कधी त्या. हद्द ओलांडली, परत आली, पुन्हा ओलांडली, असे अकरा अलर्ट वनरक्षकाच्या फोनवर गेले. पहिल्या तीन वेळा तो टॉर्च घेऊन गेला. नंतर त्याने फोन पालथा ठेवला आणि झोपला. पहाटे हत्तीण खरोखर शेतात शिरली, तेव्हा बारावा अलर्ट वाजला होता. तो कुणी पाहिला नाही. दोष त्या वनरक्षकाचा नव्हता, रेषेचा होता, आणि ती रेषा मी आखली होती.

तेव्हापासून जे समजत गेलं ते इथे क्रमाने लिहितो. तुम्ही संगणकाकडून या कामात आला असाल किंवा जंगलाकडून, दोन्ही बाजूंचं थोडं थोडं लागणारच.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

कागदपत्रं :
- प्राण्याला बेशुद्ध करून कॉलर लावण्याची वन्यजीव खात्याची लेखी परवानगी
- प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी आणि पशुवैद्यकाची लेखी जबाबदारी
- कॉलर ज्या रेडिओ फ्रिक्वेन्सीवर किंवा उपग्रह सेवेवर चालते तिचा त्या देशातला परवाना
- लोकेशनचा डेटा कोण पाहणार, कोण साठवणार, कुणाला दाखवायचा नाही, याचा लेखी करार
- ज्यांना अलर्ट जाणार त्यांची नावं, नंबर आणि संमती

साधनं :
- संरक्षित क्षेत्राच्या हद्दीची अधिकृत शेपफाइल किंवा केएमएल फाइल (दोन्ही नकाशाच्या फाइलींचे प्रकार)
- नकाशावर काम करायला क्यूजीआयएस (मोफत मिळतं आणि पुरेसं आहे)
- डेटा साठवायला आणि नियम लावायला एखादी प्रणाली. अलर्टसाठी अर्थरेंजर बऱ्याच संरक्षित क्षेत्रांत वापरतात. मॅक्स प्लांक संस्थेत चालणारी मूव्हबँक मोफत आहे आणि साठवणीसाठी चांगली आहे
- हातात धरायचा जीपीएस आणि व्हीएचएफ रिसीव्हर (कॉलरचा रेडिओ सिग्नल पकडून ती शोधणारं यंत्र)

कॉलर आधी विकत घेऊन परवानगी नंतर मागू नका. मंजुरीला महिने लागतात, आणि तोवर कपाटात पडलेल्या कॉलरची बॅटरी कमी होत राहते.

कॉलरचं वजन प्राण्याच्या वजनाच्या किती टक्के असावं याचे ढोबळ संकेत आहेत. सस्तन प्राण्यांसाठी ५ टक्क्यांच्या आत आणि पक्ष्यांसाठी ३ टक्क्यांच्या आत असं धरतात. ही कमाल मर्यादा आहे. वेगाने पळणाऱ्या प्राण्याच्या मानेवर तेच वजन पळताना कितीतरी जास्त जाणवतं, म्हणून जमेल तितकं हलकं घ्या. हा निर्णय पशुवैद्यकाचा. त्यात आपण घाई करायची नाही.

१. धावणारा माणूस आधी ठरवा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी एक कागद घ्या आणि लिहा : रात्री दोन वाजता अलर्ट आला तर कोण उठणार, कशाने जाणार, तिथे पोहोचून काय करणार. या तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत पुढे सरकू नका.

केनियातल्या ओल पेजेटा अभयारण्यातला किमानी नावाचा हत्ती या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. शेतात शिरायची त्याला सवय होती. त्याच्या कॉलरमध्ये मोबाइलचं सिम बसवलं होतं. तो आखलेल्या रेषेजवळ आला की वनरक्षकांना मेसेज जायचा, गाडी निघायची, आणि दिवे लावून त्याला माघारी वळवलं जायचं. हळूहळू त्याचं शेताकडे येणं कमी झालं. हे सिमचं यश म्हणून सांगितलं जातं. मला ते दरवेळी निघालेल्या त्या गाडीचंही वाटतं.

२. नेमका कोणता अलर्ट हवा ते ठरवा

हत्तींच्या कॉलरवर काम करणाऱ्या संशोधकांनी २०१४ मध्ये थेट डेटावर चालणारे चार प्रकारचे अलर्ट मांडले. आजही अनेक यंत्रणा त्यांच्यावर उभ्या आहेत :

- हद्द : प्राण्याने आखलेली रेषा ओलांडली. यालाच जिओफेन्स म्हणतात, म्हणजे नकाशावरचं अदृश्य कुंपण.
- जवळीक : प्राणी विहीर, रेल्वेमार्ग, वस्ती किंवा दुसऱ्या कॉलरवाल्या प्राण्याच्या ठरावीक अंतरात आला.
- वेग : चाल नेहमीपेक्षा फार वाढली किंवा फार मंदावली.
- स्थिरता : बराच वेळ प्राणी जागचा हललेला नाही.

चारही एकदम चालू करायचा मोह होतो. करू नका. एका अलर्टने सुरुवात करा आणि महिनाभर तो नीट चालला की दुसरा जोडा. आम्ही हद्दीपासून सुरुवात केली, स्थिरता सहा आठवड्यांनी आणली.

३. लोकेशन कोणत्या वाटेने येतं ते समजून घ्या

कॉलर दोन वेगळी कामं करते, आणि नवे लोक त्यांची गल्लत करतात. जागा शोधणं हे एक काम. त्यासाठी जीपीएसला किमान चार उपग्रह दिसावे लागतात. शोधलेली जागा आपल्यापर्यंत पाठवणं हे दुसरं, आणि त्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत.

मोबाइल नेटवर्क स्वस्त आणि जलद आहे, पण रेंज असेल तिथेच. रेंज नसताना कॉलर बिंदू साठवून ठेवते आणि रेंज आली की सगळे एकदम पाठवते. कॉलरमधलं मॉडेम कोणत्या पिढीच्या नेटवर्कवर चालतं तेही विचारून घ्या. अनेक देशांत जुनी नेटवर्कं बंद होत चालली आहेत, आणि प्राण्याच्या गळ्यातली कॉलर मध्येच बदलता येत नाही.

साठवलेल्या मेसेजची किंमत काय होते ते रशियातल्या पक्षी-अभ्यासकांनी २०१९ मध्ये अनुभवलं. स्टेपी गरुडांना लावलेले ट्रान्समीटर एसएमएसने लोकेशन पाठवायचे. एक मादी कझाकस्तानात रेंजबाहेर राहिली आणि तिथून थेट इराणमध्ये उतरली. साठलेले सगळे मेसेज इराणच्या महागड्या रोमिंग दराने गेले आणि प्रकल्पाचे पैसे संपत आले. शेवटी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली. तुमचा प्राणी सीमा ओलांडण्याची जराही शक्यता असेल तर सिमवर खर्चाची मर्यादा घालून घ्या.

उपग्रहामार्फत पाठवणं कुठूनही जमतं. इरिडियमचे ६६ उपग्रह पृथ्वीभर पोहोचतात. खर्च जास्त येतो आणि बॅटरीही जास्त लागते. अर्गोस ही १९७८ पासून चालणारी जुनी यंत्रणा. तिच्या मूळ पद्धतीत उपग्रह सिग्नलच्या बदलत्या फ्रिक्वेन्सीवरून जागा ठरवतो, आणि चूक काही शे मीटरांपासून किलोमीटरच्या वर जाऊ शकते. स्थलांतराच्या अभ्यासाला ती उत्तम आहे. ‘विहिरीपासून दोनशे मीटर’ अशा अलर्टला ती चालणार नाही, त्यासाठी कॉलरमध्ये जीपीएस असायलाच हवं.

तिसरी वाट लोरा, म्हणजे कमी विजेत लांब जाणारा रेडिओ. उंच जागी स्वतःचे छोटे टॉवर उभे करायचे आणि कॉलर त्यांच्याशी बोलते. वीज फार कमी लागते. समोर मोकळी दृष्टी असेल तर दहा किलोमीटरच्या पुढेही सिग्नल जातो, पण दाट झाडी आणि डोंगराची सोंड मध्ये आली की हे अंतर झपाट्याने घटतं. माहितीपत्रकातला आकडा धरून टॉवर मोजू नका. एक कॉलर हातात घेऊन दऱ्याखोऱ्यांत स्वतः फिरा.

४. उशिराचा हिशेब मांडा

सगळ्या लेखातून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

अलर्ट आला म्हणजे प्राणी आत्ता तिथे आहे असं नाही. तो तिथे होता. किती वेळापूर्वी होता, हे टप्प्याटप्प्याने मोजता येतं. आमचा पहिला हिशेब असा होता :

- दोन बिंदूंमधला वेळ : ६० मिनिटं (वाईटात वाईट धरायचं, म्हणजे बिंदू घेतल्यानंतर लगेच प्राणी रेषेपलीकडे गेला)
- लोकेशन आपल्यापर्यंत पोहोचणं : १० मिनिटं
- प्रणालीने तपासून मेसेज पाठवणं : ५ मिनिटं
- माणसाने तो पाहणं : १० मिनिटं
- पथक जागेवर पोहोचणं : ३५ मिनिटं

एकूण दोन तास. चरत असलेला हत्ती तासाला जेमतेम एखादा किलोमीटर सरकतो, पण कुठेतरी पोहोचायचं ठरवून निघाला की सहज ताशी चार किलोमीटर चालतो. दोन तासांत आठ किलोमीटर. म्हणजे शेत वाचवायचं असेल तर रेषा शेतापासून आठ किलोमीटर अलीकडे हवी. आमचं जंगल त्या बाजूला तेवढं रुंदच नव्हतं.

मग सगळ्यांना सुचतं ते आम्हालाही सुचलं, की बिंदू दर पंधरा मिनिटांनी घ्यावेत. एकूण वेळ ७५ मिनिटांवर आला, अंतर पाच किलोमीटरवर. बॅटरी मात्र जवळपास चौपट वेगाने संपू लागली. खरा फरक पुढच्या बदलाने पडला. रात्रीच्या पथकाचा मुक्काम हद्दीजवळच्या चौकीत हलवला, आणि ३५ मिनिटांची १० झाली. एकूण ५० मिनिटं, म्हणजे सुमारे ३.३ किलोमीटर. त्या बदलाला कॉलरची एक मिनिटाचीही बॅटरी लागली नाही.

तुमचे आकडे वेगळे असतील. प्रत्येक टप्पा घड्याळ लावून मोजा, अंदाजाने लिहू नका. ‘पथक वीस मिनिटांत पोहोचतं’ असं ज्या ज्या ठिकाणी मला सांगितलं गेलं, तिथे पावसाळ्याच्या रात्री ते तसं निघालं नाही.

काही कॉलर स्वतःच्या आतच कुंपण साठवतात. प्राणी जंगलात खोलवर असेल तोवर तासाला एक बिंदू, रेषेजवळ आला की दहा मिनिटांनी एक. बॅटरी आणि वेळ दोन्ही वाचतात. नवी कॉलर घेताना ही सोय आहे का ते आवर्जून विचारा.

५. रेषा आखा, पण धोक्यावर नको

आता हिशेबातून निघालेलं अंतर नकाशावर टाका. एकाऐवजी दोन रेषा आखा. बाहेरची धोक्यापासून लांब, तिचा अर्थ सावध राहा. आतली धोक्याच्या जवळ, तिचा अर्थ निघा. सावधचा मेसेज फक्त पथकप्रमुखाला जातो, निघाचा सगळ्यांना.

ओढा, रस्ता, कड्याची धार यांवरून रेषा नेऊ नका. प्राणी नेमके अशाच जागी रेंगाळतात किंवा त्यांच्या कडेकडेने चालतात, आणि बिंदू इकडेतिकडे उडत राहतो. आमच्या हत्तिणीचं हेच झालं. त्यावरचा उपाय असा : आत येण्याची आणि बाहेर जाण्याची रेषा वेगवेगळी ठेवायची. प्राणी रेषा ओलांडून धोक्याच्या बाजूला शंभर मीटर आत आला की एकच अलर्ट. त्यानंतर तो रेषेबाहेर तीनशे मीटर जाईपर्यंत पुन्हा अलर्ट नाही. हा एक नियम घातल्यावर आमचे रात्रीचे मेसेज दोन-तीनवर आले.

आकडे भरताना तीन चुका हमखास होतात :

- अक्षांश-रेखांशाचा क्रम. माणसं आधी अक्षांश लिहितात, जिओजेसन या नकाशाच्या फाइल-प्रकारात आधी रेखांश असतो. उलट झालं तर तुमचं अभयारण्य भलत्याच देशात किंवा समुद्रात जाऊन पडतं. फाइल भरली की नकाशा उघडून डोळ्यांनी पाहा.
- अंश-मिनिटं-सेकंद आणि दशांश यांची सरमिसळ. १ अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, त्यामुळे दशांशानंतर पाच आकडे ठेवले तर जागा मीटरभरापर्यंत बरोबर येते. दोनच ठेवले तर किलोमीटरभर घोळ.
- वेळ. कॉलर जागतिक प्रमाणवेळ पाठवते. मेसेजमध्ये तीच राहिली तर पथक आत्ताच्या बिंदूला काही तासांपूर्वीचा समजतं, किंवा त्याच्या उलट.

६. खोटे बिंदू गाळा

दाट झाडीत आणि अरुंद दरीत जीपीएस चुकतो. बहुतेक कॉलर प्रत्येक बिंदूसोबत उपग्रहांची संख्या आणि डीओपी नावाचा आकडा पाठवतात. डीओपी जितका मोठा तितका बिंदू संशयास्पद. त्याशिवाय वेगाची चाळणी लावा. आधीच्या बिंदूपासून इथे यायला प्राण्याला त्याच्या आवाक्याबाहेरच्या वेगाने पळावं लागलं असतं, तर तो बिंदू बाजूला ठेवा.

बाजूला ठेवा म्हणतो, पुसू नका. क्वचित तो वेग खरा असतो, कारण कॉलर गाडीत असते. म्हणजे कुणीतरी ती कापून नेलेली असते.

७. ‘हलत नाही’ हा अलर्ट प्राण्याप्रमाणे बसवा

हा अलर्ट मृत्यू, जखम किंवा फास यांची पहिली खबर देतो, म्हणून मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. पण हत्तीसाठी लावलेला नियम वाघाला लावला तर रोज खोटी खबर येईल. हत्ती एका जागी फार वेळ स्थिर राहत नाही, काही तास एकाच जागी बिंदू आले तर जाऊन पाहायलाच हवं. मोठी शिकार केलेला वाघ किंवा बिबट्या मात्र दिवसेंदिवस तिच्याभोवतीच असतो, आणि पिल्लं असलेली मादी पुन्हा पुन्हा त्याच जागी परतते.

अशा वेळी पथक धडक मारत गेलं तर मादी पिल्लं हलवते, शिकार सोडून देते, किंवा माणसावर येते. म्हणून मांसाहारी प्राण्यांसाठी आम्ही दोन पायऱ्या ठेवल्या. आधी कॉलरमधला हालचालीचा सेन्सर पाहायचा. मान हलत असेल तर प्राणी जिवंत आहे, लांबूनच नजर ठेवायची. सेन्सरही शांत असेल तरच अनुभवी माणसं आणि पशुवैद्यक मिळून जातात.

८. मेसेज झोपेतून उठलेल्या माणसासाठी लिहा

प्रणालीने आपणहून दिलेला मजकूर बहुधा प्राण्याचा क्रमांक आणि लांबलचक अक्षांश-रेखांश असा असतो. अंधारात त्याचा काही उपयोग नाही. आमचा मेसेज आता असा जातो :

‘निघा. हत्तीण ३. जुन्या मचाणाच्या पश्चिमेला १ किमी, शेतांच्या दिशेने. लोकेशन रात्री ९:४० चं, २० मिनिटांपूर्वीचं.’

काय करायचं, कोण, कुठे, कुठल्या दिशेने, किती जुनं. जागांची नावं गस्तीवरची माणसं बोलतात तीच घ्या. त्यासाठी त्यांच्यासोबत बसून पाणवठे, टेकड्या, वळणं यांची यादी एकदा करावी लागते. दोन दुपारी जातात, पण त्या सार्थकी लागतात.

गावकऱ्यांनाही कळवायचं असेल तर एसएमएसवर थांबू नका. तमिळनाडूतल्या वालपराईत नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या कामात हत्ती जवळ असल्याची खबर मेसेज आणि फोनवरच्या बोललेल्या संदेशाने दिली जाते, आणि मोक्याच्या जागी फोनवरून पेटवता येणारे लाल दिवे लावलेले आहेत. वाचता न येणाऱ्यालाही लांबून दिवा दिसतो. तिथली खबर कॉलरमधून येत नाही, माग काढणाऱ्या माणसांकडून येते. कॉलरविनाही हे काम होऊ शकतं, हे परवानगीची वाट पाहणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

९. प्राण्याला लावण्याआधी कॉलर स्वतः वागवा

कॉलर पिशवीत घालून रेषा ओलांडा. दिवसा, रात्री, पावसात, दरीतून. प्रत्येक वेळी घड्याळात पाहून लिहा : रेषा कधी ओलांडली, मेसेज कधी आला, किती लोकांना आला. आम्ही आठवडाभर हे केलं, तेव्हा कळलं की एका चौकीत मोबाइलची रेंज फक्त खिडकीपाशी आहे. तिथे वॉकी-टॉकीवरून निरोप द्यायची सोय करावी लागली.

१०. लोकेशन गुपित ठेवा

तुम्हाला प्राणी दिसतो तसाच तो शिकाऱ्यालाही दिसू शकतो. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पातल्या कॉलर लावलेल्या एका वाघाचं लोकेशन ज्या ईमेल खात्यात येत होतं, त्यात अनोळखी ठिकाणाहून शिरण्याचा प्रयत्न झाला होता.

प्रत्येकाला स्वतंत्र खातं आणि दुहेरी पडताळणी द्या, एकच पासवर्ड सगळ्यांत फिरवू नका. पाहुण्यांना पडद्यावर थेट नकाशा दाखवू नका. माहितीसाठी दाखवायचाच असेल तर काही आठवडे जुना आणि मुद्दाम ढोबळ केलेला. मेसेजचा स्क्रीनशॉट गटात टाकायची सवय पहिल्याच दिवशी मोडा. नोकरी सोडलेल्या माणसाचा नंबर त्याच दिवशी यादीतून काढा.

११. चालू झाल्यावर

गप्प बसलेल्या कॉलरसाठी वेगळा अलर्ट लावा. ठरलेल्या वेळेच्या तिप्पट काळ एकही बिंदू आला नाही की मेसेज. हा नसेल तर बंद पडलेली यंत्रणा आणि शांत रात्र यांत फरक कळत नाही.

प्रत्येक अलर्टची नोंद वहीत करा : खरा होता का, पथक गेलं का, काय दिसलं. दर महिन्याला ती वही घेऊन पथकासोबत बसा. ज्या नियमाचे निम्म्याहून जास्त अलर्ट खोटे निघाले, तो नियम त्याच बैठकीत बदला किंवा बंद करा.

बॅटरीचा आलेखही महिन्याला पाहा. कॉलर आपोआप गळून पडण्याची सोय असेल तर तिची तारीख सगळ्यांच्या कॅलेंडरमध्ये हवी. बॅटरी पूर्ण संपण्याच्या काही आठवडे आधी ती पाडा, म्हणजे पडलेली कॉलर व्हीएचएफ रिसीव्हरने शोधता येते. तशी सोय नसेल तर प्राण्याला पुन्हा बेशुद्ध करून ती काढायची परवानगी आणि पैसे पहिल्या दिवसापासून राखून ठेवा. काम संपल्यावर मेलेली कॉलर प्राण्याच्या गळ्यात राहू देऊ नका.

कॉलर हातात आली की आधी प्रणालीतून त्या प्राण्याचे सगळे नियम बंद करा, मग ती गाडीत ठेवा.